सुब्बीची चिटणीस

हात मोजायची पाळीच आली नाही. दस्तगीरमामांनी नुसतं विचारलं, “संघाची अध्यक्ष सुब्बी. कबूल असेल त्यांनी हात वर करा,” आणि चर्चपुढच्या पटांगणात बसलेली माणसं हात वर करून मोकळी झाली. मी डावीकडे बघितलं. माझा नवरा बस्त्याव माझ्या शेजारीच बसला होता. त्याचाही हात वर.

“खाली घे तो हात,” मी पुटपुटले.

“का गे?” तो म्हणाला. “सुब्बी बरी आहे की.”

मी त्या दिवशी लग्नातली निळी साडी नेसून आले होते. आभाराची चार वाक्यं पाठ केली होती. संघाची कल्पना माझी, पहिला अर्ज माझ्या हातचा, आणि आमच्या साऱ्या हुणशीकोप गावात सातवीपर्यंत शिकलेली बाई मी एकटी. सुब्बीला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. लोक तिलाच उभं करतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

सुब्बी उठली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “मला अक्षर येत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. चिटणीस जुसफीन असेल तर मी अध्यक्ष. नाहीतर दुसरं माणूस बघा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण शेजारणीने उरलेलं कालवण वाडग्यात घालून द्यावं, तसं ते चिटणीसपद मला वाटलं.

आता माझे केस कापसासारखे झालेत. त्या वेळी मी तिशीच्या आत होते आणि मनात काय जळत होतं ते कुणाला दिसत नव्हतं.

आम्ही सिद्दी. आमच्या आज्या-पणज्यांना आफ्रिकेतून जहाजात घालून आणलं, गोव्यात विकलं, आणि ज्यांना पळता आलं ती माणसं घाट चढून या हल्याळच्या रानात शिरली. ज्या गावात ज्याच्या आडोशाला राहिलो, त्याचा देव आम्ही घेतला. म्हणून मी क्रिस्तांव, दस्तगीरमामा मुसलमान आणि सुब्बी हिंदू. केस मात्र तिघांचे सारखेच कुरळे. सणाला एकमेकांकडे जेवायचो, पण गाऱ्हाणं घेऊन कचेरीत गेलो की तिथला कारकून विचारायचा, “तुम्ही कुठले? चर्चवाले? मग त्यांचं त्यांना सांगू दे.” अशी आमची तीन तोंडं तीन दिशांना. रानातल्या जमातींच्या सरकारी यादीत आमचं नाव नव्हतं. नाव नाही म्हणून मुलींना वसतिगृह नाही, आणि कसत होतो त्या जमिनीवरून कोणीही उठवावं.

तिन्ही धर्मांच्या सिद्द्यांचा एकच संघ काढायचा, असं मी एकदा विहिरीवर सुब्बीला बोलले. बोलले आणि घरी येऊन अर्ज लिहायला बसले. सुब्बी मात्र चालायला लागली. चौदा वाड्या तिने पायाखाली घातल्या. ज्या घरी गेली तिथे आधी भात सडायला बसली, मग बोलली. आम्ही दोघी एकाच गावात वाढलो. मी सिस्टरांच्या शाळेत होते तेव्हा ती एका बागायतदाराच्या गोठ्यात शेण काढत होती. तरी लोक तिच्याकडे असे बघायचे की मला वाटायचं, माझं शिक्षण कुणी कधी बघितलंच नाही का?

दिवाळीनंतर सरकारी अभ्यासपथक येणार असं ठरलं. आम्ही सगळे मिळून एक जमात आहोत की नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघून वर कळवायचं होतं. शुक्रवार ठरला. सुब्बी पुन्हा वाड्या पालथ्या घालायला निघाली.

शनिवारी बसथांब्यावरच्या दुकानात पोस्टमनने माझ्या हातात पाकीट दिलं. वर ‘चिटणीस’ असं लिहिलेलं. तिथेच उभी राहून मी वाचलं. साहेब शुक्रवारी नव्हे, येत्या मंगळवारीच अकरा वाजता येणार होते. तिन्ही धर्मांचे आणि सर्व वाड्यांचे लोक हजर ठेवावेत, असं स्पष्ट लिहिलं होतं.

घरी आले तर सुब्बी माझ्या ओट्यावर पाय पसरून बसलेली. तिला डोंगरावरच्या वरल्या माळाला जायचं होतं, वाटेत पाणी प्यायला थांबली होती. तिच्या टाचांना करंगळी जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

“किती चालतेस गे,” मी म्हटलं. आत जाऊन करंजेल गरम करून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

ती तेल चोळत म्हणाली, “वरल्या माळावर तीन दिवस लागतील. सुगी आहे, माणसं शेतात. पण शुक्रवारी येतो म्हणालेत. जुसफीन, त्या दिवशी कानडीतून तूच सुरुवात कर हं. मला साहेबापुढे धाप लागते.”

“बघू.”

“पोस्टात काही आलं का?”

पाकीट माझ्या पोलक्यात होतं. तिने दुसऱ्या टाचेला तेल लावलं, मग वर बघितलं.

“नाही,” मी म्हटलं.

एवढंच. ती उठली, वाटी धुऊन ठेवली आणि डोंगराकडे चालू लागली.

मी मनाशी म्हणाले, इतकी माणसं जमली की गोंधळच होतो. साहेबाला नीट कानडीत अर्ज ऐकवला की झालं. काम फत्ते झाल्यावर शुक्रवारी सगळ्यांना सांगायचं, अगो, ते तर होऊन गेलं, मीच केलं. मग बस्त्याव काय म्हणतो बघू. सुब्बी धुळीचे पाय घेऊन उभी राहील आणि लोक माझ्याकडे बघत असतील. हे चित्र मी तीन दिवस पुन्हा पुन्हा पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागत होतं.

मंगळवारी मी आमच्या गल्लीतल्या आठ बायकांना बोलावलं. “साहेब उगाच तोंडओळखीला येतायत, मोठी सभा शुक्रवारीच,” असं सांगितलं. बस्त्याव पहाटेच भात कापायला गेला होता. चर्चमधून दोन खुर्च्या आणल्या आणि त्यांच्यावर माझी नवी कौदी, रंगीत तुकड्यांची गोधडी, पसरली.

जीप अकराला आली. साहेब पन्नाशीचे, शांत. बरोबर टिपणं घ्यायला एक बाई. मी उभी राहिले आणि अर्ज वाचला. एकदाही अडखळले नाही. सिस्टरांनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “चांगलं लिहिलंय. पण माणसं कुठे आहेत?”

“या आहेत ना.”

“या आठजणी. सगळ्या याच चर्चच्या?”

“हो.”

“अर्जात तुम्ही लिहिता, चौदा वाड्या, तीन धर्म, एक समाज. मला तर एका गल्लीच्या आठ बायका दिसतायत.” ते चिडले नव्हते, त्याचीच मला जास्त भीती वाटली. “तालुक्याला मला काहींनी सांगितलं, हे लोक कधी एकत्र येत नाहीत. ज्याचा धर्म त्याच्यापाशी. म्हणून तर मी पत्रात लिहिलं होतं, सगळे हजर ठेवा. पत्र मिळालं होतं ना?”

“मिळालं,” मी म्हटलं. “उशिरा.”

“अध्यक्ष कुठे आहेत?”

“वरल्या माळावर.”

त्यांनी बाईंना काहीतरी सांगितलं आणि बाईंनी ते लिहून घेतलं. मला उलटं वाचता येतं. ‘प्रत्यक्षात एकत्र संघटन आढळले नाही,’ असं ते वाक्य होतं.

“आम्ही डबा खातो आणि निघतो,” साहेब म्हणाले. “पुढच्या तालुक्यात चारची वेळ दिलीय.”

“शुक्रवारी परत याल का?”

“परत येणं होत नाही बाई.”

ते चर्चच्या सावलीत डबा उघडून बसले. बायका माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी घागर नसताना विहिरीवर गेले आणि उभी राहिले. किती वेळ, ते आत्ता सांगत नाही.

तिथून मी खालच्या गल्लीत दस्तगीरमामांच्या घरी गेले. मामा आजारपणामुळे शेतात गेले नव्हते. वाडीचा डमाम, आमचा गळ्यात अडकवायचा ढोल, त्यांच्याच घरात खुंटीला टांगलेला असायचा. सणासुदीला, नाचाला वाजायचा तो हाच. पण आमच्याकडे एक रीत होती. भर दुपारी एकटा डमाम थांबून थांबून वाजला तर समजायचं, कुणीतरी गेलं. ज्या वाडीला ऐकू येईल तिने आपला वाजवून पुढच्या वाडीला पोचवायचं, आणि हातातलं काम टाकून निघायचं.

“मामा, डमाम वाजवा.”

ते उठून बसले. “कोण गेलं?”

“कोणी नाही.”

“मग?”

मी पोलक्यातून पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तोंडाने सांगावं लागलं. साहेब आज आलेत. पत्र शनिवारीच आलं होतं. मी दाबून ठेवलं.

मामांनी विचारलं, “कशासाठी?”

“सुब्बीसाठी,” मी म्हटलं. “म्हणजे तिच्यावर जळून.”

“खोट्या मरणाचा डमाम मी वाजवणार नाही, पोरी. सत्तर वर्षं वाजवला, खोटा कधी वाजवला नाही.” त्यांनी खुंटीकडे बोट केलं. “तुला वाजवायचा तर तू वाजव. माणसं धापा टाकत येतील, त्यांना काय सांगायचं तेही तूच सांग.”

डमाम गळ्यात अडकवून मी पटांगणात आले. साहेबांचा हात डब्यात तसाच थांबला. मी पहिली थाप मारली. मग थांबले. मग दुसरी. माझ्या आठ बायका किंचाळत उठल्या, “कोण गे? कोण?” मी मान हलवत राहिले आणि वाजवत राहिले. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडून उत्तर आलं. मग रानातून, लांबून, अगदी बारीक, तिसऱ्या वाडीचा आवाज.

माणसं यायला लागली ती पळतच. हातात विळे, पायाला चिखल, अंगाला भाताचा कोंडा. खालच्या वाडीच्या मुसलमान बायका आल्या त्या छाती पिटतच. बस्त्याव आला आणि आधी घराकडे धावला, मुलं आहेत की नाही बघायला. मग मला डमाम घेऊन उभी पाहिली आणि जागच्या जागी खिळला. साहेब जीपमध्ये चढले होते. ड्रायव्हरने गाडी सुरूही केली, पण रस्ता समोरून माणसांनी भरून येत होता. तासाभरात नऊ वाड्या पटांगणात होत्या.

साहेब खाली उतरले. त्यांनी एका म्हातारीला अडवलं. ती काठी टेकत ओढ्यापलीकडून आली होती.

“आजी, कोण वारलं?”

“ठाऊक नाही,” ती म्हणाली.

“ठाऊक नाही आणि एवढ्या लांबून आलात? तुमच्यातलं आहे का? हिंदू की...”

म्हातारीने त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. “आमच्यातलंच असणार की. डमाम वाजला ना!”

टिपणं घेणाऱ्या बाईंनी वही पुन्हा उघडली.

सुब्बी सगळ्यांत शेवटी आली. वरल्या माळावरून उतरणीला ती धावतच आली असणार. गुडघा फुटला होता, रक्त पोटरीपर्यंत आलं होतं. गर्दी बाजूला झाली. तिने मला बघितलं आणि सरळ येऊन मिठीच मारली.

“कोण गेलं गे जुसफीन? तुझ्या घरचं कोण? सांग, मी आहे.”

तिचं काळीज माझ्या गळ्यातल्या डमामावर धडधडत होतं. तिला वाटलं होतं, डमाम माझ्या गळ्यात आहे म्हणजे मरण माझ्याच घरी असणार. मी तिला बाजूला केलं आणि मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“कोणी मेलं नाही. साहेब आज येणार हे पत्र शनिवारी आलं होतं. सुब्बीने मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. तुम्हाला कोणाला कळवलं नाही. मला एकटीला मिरवायचं होतं. हे साहेब आता निघून चाललेत आणि त्यांनी लिहिलंय, आपण एक नाही.”

एका माणसाने हातातला विळा खाली टाकला. बस्त्यावने मान फिरवली. सुब्बीच्या चेहऱ्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

“हे नंतर,” सुब्बी म्हणाली. आवाज कोरडा होता. “साहेब काय विचारतायत?”

साहेब काही विचारायच्या आधी तीच त्यांच्यापुढे गेली. तिला धाप लागली होती, पण ती डोंगराची.

“साहेब, बाजारात आम्हाला विचारतात, कुठल्या देशाचे? केसांना हात लावून बघतात. कचेरीत विचारतात, कुठल्या धर्माचे? कुठल्या गल्लीतले, कुठल्या घरातले, हे कोणी विचारत नाही. माझ्या आज्याला विकलं तेव्हा धर्म विचारून विकलं नव्हतं. आम्ही रानात पळालो तेव्हा एकत्र पळालो. आता बाकी तुम्हाला काय दाखवू? ही माणसं सुगी टाकून आली आहेत.” मग मागे न बघता म्हणाली, “जुसफीन, लिही. मी बोलते ते साहेबाच्या कानडीत लिहून दे. त्यावर सगळे अंगठे लावतील.”

मी लिहायला बसले. ती बोलत होती, मी लिहीत होते, आणि आजूबाजूची माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. त्या वेळीसुद्धा, एवढं सगळं झाल्यावरसुद्धा, मला तिचा हेवा वाटत होता. एका ठिकाणी ती चुकीचा शब्द बोलली. तो तसाच लिहिला असता तर कागदावर ती अडाणी दिसली असती. माझी लेखणी क्षणभर थांबली. मग मी बरोबर शब्द लिहिला.

साहेब साडेचारला गेले. जाताना बाईंनी आधीचं वाक्य खोडलं, ते मी पाहिलं.

रविवारी माझा निवाडा झाला. काहीजण म्हणाले, हिला संघातून काढा. एकजण म्हणाला, वाळीत टाका. बस्त्याव खाली मान घालून बसला होता. पाच दिवस आमच्यात शब्द नव्हता. दस्तगीरमामांनी सुब्बीकडे बघितलं.

“चिटणीस तीच राहील,” सुब्बी म्हणाली.

गलका झाला. तिने तो संपू दिला.

“तिच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. मलाही नाही. पण वाचता तिलाच येतं, आणि मला येत नाही. आजपासून आलेलं प्रत्येक पत्र ती इथे, सगळ्यांपुढे, उभी राहून वाचेल. आणि रोज दिवेलागणीच्या आधी माझ्या ओट्यावर येऊन मला अक्षरं शिकवेल. मी शिकले की मग बघू, हिला ठेवायची की काढायची.”

मी गेले. रोज गेले. पहिले दोन महिने ती माझ्याशी ‘हे काय’ आणि ‘पुढचं’ एवढंच बोलायची. शेण काढून राठ झालेल्या त्या बोटांत पेन्सिल तुटायची. सहा महिन्यांत ती जोडाक्षरं वाचू लागली. मला जे शिकायला दोन वर्षं लागली होती ते सहा महिन्यांत! घरी येताना वाटेत मी दगडांना लाथा मारायची.

यादीत आमचं नाव यायला त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. त्या एका दुपारने काही सगळं झालं नाही. आणखी कितीतरी अर्ज, मोर्चे झाले, चपला झिजल्या. तोवर सुब्बी स्वतःचे अर्ज स्वतः लिहायला लागली होती आणि मी तरीही चिटणीस होते. ठेवायची की काढायची, ते ती परत कधी बोललीच नाही.

नाव आलं तेव्हा हल्याळला सत्काराची सभा झाली. व्यासपीठावर सुब्बीला बोलावलं, मोठा झेंडूचा हार घातला. निवेदक माझ्याबद्दल म्हणाला, “आणि यांच्या सोबतीला आलेल्या एक भगिनी.” मी पहिल्या रांगेत बसले होते.

परतीच्या बसची वाट बघत आम्ही दोघी थांब्यावर बसलो. सुब्बीने हार काढून मांडीवर ठेवला होता. एक शेळी आली आणि झेंडू खाऊ लागली. सुब्बीने हाकललं नाही. उलट हार तिच्या तोंडाशी सरकवला.

“सोबतीला आलेली भगिनी,” मी म्हटलं.

“ऐकलं मी.”

“इतकी वर्षं झाली, तरी अजून जळतं माझं. सांगून ठेवते.”

“ठाऊक आहे. माझ्याकडे बघतेस तेव्हा तुझं नाक फुगतं.” ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते.

मग मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नव्हतं. “त्या वेळी मला काढलं का नाहीस गे? वाचणारं दुसरं माणूस हल्याळहून आणता आलं असतं.”

ती शेळीकडे बघत राहिली. “त्या दिवशी जीप निघून गेली असती, तर कोणाला काय कळलं असतं? शुक्रवारी आम्ही येऊन बसलो असतो, साहेब आले नसते, तू म्हणाली असतीस की पत्र आलंच नाही, साहेब न कळवता आले आणि गेले. मी विश्वास ठेवला असता. जन्मभर ठेवला असता. तू डमाम वाजवलास. तुझ्या मनात दुसरं आलंच नाही, म्हणून ठेवली तुला.”

बस लांब वळणावर दिसत होती. हो म्हणून गप्प बसता आलं असतं.

“आलं होतं,” मी म्हटलं. “विहिरीवर उभी राहून हेच ठरवत होते, जसं तू आत्ता बोललीस अगदी तसंच, एकेक वाक्य. साहेबाचा डबा संपत आला तोवर.”

सुब्बीने माझ्याकडे वळून बघितलं. शेळीने हाराचा दोरा ओढला आणि तो घेऊन निघून गेली.

“बरं झालं सांगितलंस,” ती म्हणाली. “मी उगाच इतकी वर्षं तुला माझ्यापेक्षा चांगली समजत होते. फार जड जात होतं ते.”

बस आली. सुब्बी आधी चढली, खिडकीची जागा धरली आणि मला बसायला आत सरकली.